‘संधी’ नावाची जागा: गिरणगावातल्या एका माहितीपत्रकाचं वाचन

आयोजकांनी मला ‘शहर आणि नीती’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलताना आम्ही तत्त्वज्ञानाची मंडळी हवेत जातो, हा माझ्या विद्यार्थ्यांचा जुना आक्षेप आहे. म्हणून आज मी एक कागद घेऊन आलो आहे. खरं तर कागद नाही, मोबाइलवर आलेली चोवीस पानं आहेत. माझ्या पुतण्याने पाठवली. लालबाग आणि परळच्या मधल्या एका गल्लीतल्या जुन्या चाळी पाडून तिथे टॉवर उभा राहणार आहे, त्यात अगदी सुरुवातीला पैसे गुंतवणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. पुतण्याचं म्हणणं, “काका, तुमच्या निवृत्तीच्या पैशांतले पंधरा लाख घाला, पंधरा मी घालतो. एफडीत काय मिळतं?”

एफडीत काय मिळतं हे मला माहीत आहे. तेव्हा खोटं कशाला बोलू, मोह झाला. मोह झाला म्हणूनच ही चोवीस पानं मी तीनदा वाचली. आयुष्यभर वर्गात संहिता जशी वाचायला शिकवली, तशी वाचली. म्हणजे ही संहिता कोणत्या संकल्पनेवर उभी आहे, आणि उभं राहण्यासाठी तिला कशाबद्दल गप्प बसावं लागतं? कंपनीचं नाव सांगणार नाही. अशी पत्रकं सगळ्यांची सारखीच असतात, एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना मोकळं का सोडायचं?

पहिली गोष्ट नावाची. पत्रकात लालबाग हा शब्द एकदाच येतो, तोही नकाशात, बारीक अक्षरात. बाकी सगळीकडे ‘साउथ सेंट्रल मुंबई’. हे आपल्याला नवीन नाही. लोअर परळचं ‘अपर वरळी’ झालेलं आपण पाहिलं, वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ आलेलं पाहिलं. आपण हसतो आणि सोडून देतो. पण नाव बदलणं म्हणजे इतिहासाशी असलेलं देणंघेणं मिटवणं आहे. ‘गिरणगाव’ म्हटलं की कुणीतरी विचारणार, गिरण्या कुठे गेल्या, माणसं कुठे गेली? ‘साउथ सेंट्रल’ला असा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला भूतकाळच नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. चोवीस पानांत माणसांची चित्रं भरपूर आहेत. पोहणारी आहेत, योगासनं करणारी आहेत, लॅपटॉप घेऊन बसलेली आहेत. आज त्या गल्लीत जी राहतात ती कुठे आहेत? शोधली. एकोणिसाव्या पानावर सापडली. ‘जोखीम आणि तिचं नियोजन’ या मथळ्याखाली एक ओळ आहे. तिचा आशय असा, की भाडेकरूंपैकी बहात्तर टक्क्यांची संमती मिळाली आहे, उरलेली प्रक्रियेत आहे. म्हणजे माणसं जोखमीच्या रकान्यात! मला हे फार प्रामाणिक वाटलं, उपरोधाने म्हणत नाही. या पत्रकातलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे. ते का, याकडे मी येतो.

आता मुख्य शब्द. ‘संधी’. पत्रकात तो मी मोजला, एकतीस वेळा आहे. आपल्या भाषेत हा शब्द मजेदार आहे. संधी म्हणजे जोड, संधी म्हणजे तह, आणि संधी म्हणजे सांधा, फट. संधिवात त्यातलाच. संस्कृतात चोराने भिंतीला पाडलेल्या भोकालाही संधी म्हणतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवा, काय कौतुकाने तो भिंतीत संधी पाडतो, कुठल्या आकाराची पाडावी याचाही विचार करतो! (हशा) मी गुंतवणूकदाराला चोर म्हणत नाही, बरं का. पण फट हा अर्थ धरून ठेवा. कारण इथली संधी खरोखरच एक फट आहे.

नील स्मिथ नावाचा भूगोलज्ञ होता. त्याने १९७९ साली एक साधी गोष्ट मांडली. शहराच्या मध्यभागातल्या जुन्या वस्तीत जमिनीला आज जे उत्पन्न मिळतं, आणि तीच जमीन ‘उत्तम’ वापराला लावली तर जे मिळू शकेल, यांच्यात एक दरी पडत जाते. दरी पुरेशी रुंद झाली की भांडवल तिथे परत येतं. त्याआधी १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग घुसतो आहे, या घटनेला नाव दिलं होतं. स्मिथने त्याचं कारण लोकांच्या आवडीनिवडीत न शोधता जमिनीच्या हिशेबात शोधलं. आपल्या पत्रकात या दरीला ‘अंडरव्हॅल्यूड लोकेशन’ म्हटलं आहे. म्हणजे किंमत कमी लागलेली जागा.

प्रश्न असा, की किंमत कमी का लागली? आणि जास्त लागेल ती कुणामुळे?

पहिल्याचं उत्तर मुंबईत कायद्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत ते समजण्यासारखं होतं, पण ती बर्फाची लादी पुढे अर्धं शतक वितळलीच नाही. इथे मालकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. महिन्याला ज्या खोलीचे पंचवीस-तीस रुपये येतात तिचं छत तो कशाने दुरुस्त करणार? त्याने केलं नाही. भाडेकरूने केलं नाही, कारण भिंत त्याची नाही. मग १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं, इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती शहर भागात एकोणीस हजारांच्या वर होत्या. त्यातल्या कितीतरींना आजही बांबूचे टेकू आहेत.

आणि भाडेकरू हा शब्दही फसवा आहे. यातल्या बहुतेकांनी पागडी भरली आहे. खोली घेताना बायकोचे दागिने मोडून, गावची जमीन गहाण टाकून मालकाला रोख मोजले. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालक पुन्हा आपला वाटा घेतो. हा व्यवहार पन्नास वर्षं कायद्याच्या डोळ्याआड चालला आणि १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. तेव्हा ‘फुकटात राहणारे लोक’ हे जे आपण दिवाणखान्यात बोलतो, ते निदान अर्धवट आहे. गुंतवणूकदार हा शब्द वापरायचाच तर या गल्लीतले पहिले गुंतवणूकदार तेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे वाढीव किंमत कुणामुळे, हे जास्त अडचणीचं आहे. ढोबळ हिशेब करून बघू. हजार चौरस मीटरचा भूखंड धरा. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला आज नियमाप्रमाणे तीन एफएसआय मिळतो. म्हणजे तीन हजार मीटर बांधकाम. चाळीस भाडेकरू आहेत, प्रत्येकाला किमान तीनशे चौरस फूट द्यायचे, म्हणजे साधारण अठ्ठावीस मीटर. भिंतींसह तीस धरा. बाराशे गेले. उरले अठराशे, विकायला. जिने, लिफ्ट, फंजिबल वगैरे भानगडी मी सोडून देतो. हे अठराशे मीटर आले कुठून? जमीन वाढलेली नाही. सरकारने एका नियमात एक आकडा लिहिला, म्हणून ते आले. आणि त्यांना आज भाव कुठून आला? रेल्वेमुळे, रस्त्यांमुळे, बाजारामुळे, शे-सव्वाशे वर्षं इथे पाळ्या करणाऱ्या माणसांमुळे. जॉन स्टुअर्ट मिल हा काही क्रांतिकारक नव्हता, पण १८४८ साली त्यानेही लिहून ठेवलं की जमीनमालक झोपेत श्रीमंत होतात. मेहनत नाही, जोखीम नाही, काटकसर नाही. त्यापूर्वी लॉकने मालमत्तेचं समर्थन केलं ते या आधारावर, की माणूस निसर्गात आपले श्रम मिसळतो. आता सांगा, लालबागच्या जमिनीत श्रम कुणी मिसळले? लॉकचा सिद्धांत अक्षरशः लावला तर सातबारा कुणाच्या नावावर निघेल, याची मला गंमत वाटते.

नियमातला एक शब्द काय करू शकतो, याचं उदाहरण याच भागात आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या बसल्या, जमीन राहिली. सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. त्याप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. पुढे १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करा म्हणून सुचवलं. तसं झालं नाही. झालं ते वेगळंच. २००१ मध्ये नियमात बदल झाला, की वाटे पडतील ते फक्त ‘खुल्या’ जमिनीचे. आणि खुली जमीन म्हणजे गिरणीचं बांधकाम आधीपासून नसलेली. आता गिरणीत शेड असतात, गोदामं असतात, खुलं काय असणार? वाटण्या आक्रसल्या. प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सगळ्या जमिनीचे वाटे धरले, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ते फिरवलं आणि सरकारचा बदल कायम ठेवला. आम्ही वर्गात ‘शब्दार्थ’ या विषयावर तास घ्यायचो, मुलं जांभया द्यायची. एका विशेषणाच्या अर्थाची किंमत किती एकर असते, हे उदाहरण तेव्हा दिलं असतं तर जागी राहिली असती.

हे सगळं आमच्या पत्रकात एका वाक्यात आहे: गिरण्यांचा परिसर आता कॉर्पोरेट केंद्र झाला आहे. कर्मणी प्रयोग नाही, कर्तरी नाही. आपोआप झाला आहे.

इथे पुतण्याचा युक्तिवाद सांगतो, कारण तो कमकुवत नाही. तो म्हणाला, “काका, विकायचे फ्लॅट नसतील तर चाळवाल्यांना फुकट घर कोण देणार? सरकार? माझे पैसे गेले तरच त्यांचं घर होतं.” यात तथ्य आहे. चाळीच्या आठवणी काढून गहिवरणं हा आमच्या पिढीचा छंद आहे, पण मी त्या चाळीतच वाढलो आहे. पहाटे चारला नळाला पाणी, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पावसाळ्यात छताखाली तीन पातेली. आणि चाळी पडतात. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी कोसळली, तेहतीस माणसं गेली. पुनर्विकासाच्या योजनेतलीच ती इमारत होती. तेव्हा ‘पुनर्विकास नको’ असं म्हणण्याचा अधिकार ज्याचं छत पक्कं आहे त्याला नाही.

पण ‘फुकट घर’ हा शब्द तपासा. ते घर बिल्डरच्या खिशातून येत नाही, पुतण्याच्याही नाही. ते येतं त्या तीन एफएसआयमधून. आणि त्याची किंमत गल्ली मोजते. तेच पाणी, तेच गटार, तोच रस्ता, वर तिप्पट माणसं. बीडीडी चाळींचं बघा. १९२० च्या दशकातल्या दोनशे सात इमारती, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या. तिथे म्हाडा स्वतः उतरली, घर पाचशे फुटांचं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तिथेही विक्रीच्या इमारती आहेतच, उंचीही आहेच. जमीन सरकारची असल्यामुळे गोष्ट सोपी होती, हेही खरं. पण काम अडलं तर दार कुणाचं ठोठावायचं हे तिथल्या माणसाला माहीत होतं.

आता ती एकोणिसाव्या पानावरची ओळ. भाडेकरू म्हणजे जोखीम.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, वय एक्याऐंशी. याच भागातल्या दुसऱ्या एका चाळीतली तिची खोली २०१३ मध्ये रिकामी झाली. तीन वर्षांत नवं घर, तोवर दरमहा भाडं, असा करार. भाडं २०१८ पर्यंत आलं, मग थांबलं. चाळीच्या जागी आज पत्र्याचं कुंपण आहे आणि आत पाणी साचलेला खड्डा. अक्का मुलाकडे डोंबिवलीला असते. तिचं मतदार यादीतलं नाव मात्र अजून जुन्या पत्त्यावर. ते बदलायचं नाही म्हणते. बदललं तर आपण तिथले नव्हतोच असं कुणी म्हणेल, ही भीती. दर निवडणुकीला नातवाला घेऊन लोकलने करी रोडला उतरते, मत देते, कुंपणापर्यंत जाऊन येते.

पत्रकात उशिराचा विचार केलेला आहे. प्रकल्प दोन वर्षं लांबला तर परताव्याचा दर किती घटेल, त्याचा तक्ता आहे. नीट केला आहे, मी आकडे पडताळले. तिथे उशीर म्हणजे व्याज. आणि व्याज भरून देता येतं. अक्काची ही वर्षं कोणत्या दराने भरून देणार? सत्तरीत असताना तिने करारावर सही केली. तिच्यासाठी काळ हा पैशासारखा मागेपुढे सरकवता येत नाही. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये चपलेचं उदाहरण दिलं आहे. चपलेचे दोन उपयोग, पायात घालणं आणि विकणं. दोन्ही खरे, पण चप्पल बनली ती पहिल्यासाठी. घराचंही तेच. फरक इतकाच, की चप्पल विकणारा ती आधी कुणाच्या पायातून काढून घेत नाही.

आणि संरक्षणाचं बघा. गुंतवणूकदारासाठी, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यासाठी, २०१७ पासून महारेरा आहे. ताबा लांबला तर व्याज मागता येतं. माझा याला विरोध नाही, चांगला कायदा आहे. पण अक्काचं थकलेलं भाडं ही त्या तक्त्यातली रक्कमच नाही. ती आपल्या कराराचा कागद घेऊन वेगळ्या दारांत उभी राहते.

पंधरा लाख घालणाऱ्याचंही सांगतो, इथे बसलेल्यांत असतील कुणी. आमच्या पत्रकातली ‘संधी’ ही महारेरा नोंदणीच्या आधीची आहे. ‘प्री-लाँच’. कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. नोंदणी झाली तरी तेराव्या कलमाप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. मग हे पैसे कशाचे? पत्रक म्हणतं, ‘अर्ली पार्टनर’चे. भागीदार म्हणायचं आणि भागीदारीचा कागद द्यायचा नाही. म्हणजे जिथे कायद्याचं छत्र अजून पोहोचलेलं नाही, नेमकी ती फट विकायला काढली आहे.

पण माझी खरी अडचण त्यापुढची आहे. या टप्प्याला भाव स्वस्त का? पत्रकात चौरस फुटाचे तीन भाव आहेत: आजचा, जागा ‘क्लिअर’ झाल्यावरचा, आणि ताब्याच्या वेळचा. पहिल्या दोघांमधला फरक सगळ्यात मोठा आहे. त्या दोन भावांच्या मधल्या काळात काय घडणार? वीट रचली जाणार नाही, खांब उभा राहणार नाही. फक्त माणसं जाणार. म्हणजे आज तिथे माणसं राहतात, चूल पेटते, मुलं शाळेत जातात, याचीच ती सवलत आहे. आणि माझा नफा त्यांच्या निघून जाण्याचा आहे. लवकर गेली तर जास्त, हटून बसली तर कमी. जुन्या नियमात सत्तर टक्के संमती लागायची, आता एक्कावन्न पुरते. सुटसुटीत झालं, असं सगळे म्हणाले. अट उतरली त्या दिवशी या पहिल्या दोन भावांमधलं अंतर किती बदललं असेल, याचा विचार करा. उरलेल्या एकोणपन्नास जणांत एखादी अक्का असते. ती विकासविरोधी नसते. तिला एवढंच विचारायचं असतं, की भाडं बँकेत आधी ठेवणार की नाही.

म्हणून मी पुतण्याला म्हटलं, नको म्हणत नाही, पण तू त्यांना एक प्रश्न विचार. सगळ्या भाडेकरूंचं पुढच्या चार वर्षांचं भाडं आपले तीस लाख घेण्याआधी बँकेत बाजूला ठेवलं आहे का? असेल तर कागद दाखवा. त्याने विचारलं. मुलगा सरळ आहे. पलीकडून उत्तर आलं, “सर, तो विषय आमची रिहॅब टीम बघते, तुम्ही इन्व्हेस्टर साइडला आहात.”

हे त्याने मला फोनवर सांगितलं, आणि थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाला, “काका, आत्याला यातलं काही सांगू नका.” त्याला दोन आठवडे झाले. पैसे भरले की नाही, हे त्याने अजून मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. माझे पंधरा लाख बँकेतच आहेत.

वेळ झाली आहे असं संयोजक खुणावत आहेत. इथे थांबतो, प्रश्न असतील तर घेऊ या.